वर्गणीतला रुपया पूर्ण पोहोचू द्या : सोलापुरातील सायकलफेरी संयोजकांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील सर्व सायकल गट आणि मदतनिधीसाठी सायकलफेरी काढणारे संयोजक यांस,

सविनय नमस्कार.

थंडीची चाहूल लागली की आपल्याकडे लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्यांची आखणी सुरू होते. कोणी तुळजापूर-अक्कलकोट करून येतो, कोणी पंढरपूर गाठतो, आणि ज्यांच्या पायात बळ व हाताशी रजा आहे असे काहीजण पुणे किंवा हैदराबादची तयारी करतात. अलीकडे अशा फेऱ्यांना मदतनिधीची जोड मिळू लागली आहे. सायकलस्वाराने आपल्या ओळखीच्या लोकांकडून वर्गणी गोळा करायची, ठरलेले अंतर पार करायचे आणि जमलेली रक्कम एखाद्या रुग्णालयाला किंवा संस्थेला द्यायची, अशी ही पद्धत आहे. मी स्वतः अशा फेऱ्यांमध्ये भाग घेत आलो आहे आणि पुढेही घेणार आहे. यंदाच्या बैठका सुरू होण्यापूर्वी एक मागणी आपल्या सर्वांसमोर लेखी मांडावी, म्हणून हे पत्र. लोकांकडून मदतीच्या नावाने घेतलेला प्रत्येक रुपया त्या मदतीलाच जावा, फेरीचा खर्च सायकलस्वारांनी आणि खर्चासाठी म्हणून पुढे आलेल्या प्रायोजकांनी उचलावा, आणि दोन्हींचा हिशेब आधी जाहीर केलेल्या तारखेला लोकांपुढे ठेवावा, ही ती मागणी आहे.

या मागणीमागचे कारण मला शहराच्या पूर्व भागातील एका घराच्या उंबऱ्यावर मिळाले. एका फेरीसाठी आम्ही दोघे-तिघे त्या वस्तीत वर्गणी मागत फिरत होतो. उंबऱ्याशी एक बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. तेंदूच्या पानावर पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने पान कापायचे, चिमूटभर तंबाखू पसरायची, बोटांनी पान गुंडाळून टोक दुमडायचे आणि दोरा बांधायचा, हे काम आमच्याशी बोलतानाही थांबले नव्हते. कशासाठी पैसे हवेत ते त्यांनी नीट ऐकून घेतले, कनवटीची वीस रुपयांची नोट काढून दिली आणि विचारले, ‘‘अण्णा, ह्यातलं पेशंटला किती जातंय? सगळं जातंय का?’’ त्या फेरीच्या संयोजकांनी तोवर हे ठरवलेच नव्हते, त्यामुळे त्यांना देण्यासारखे खरे उत्तर माझ्याजवळ नव्हते. फेरी उत्तम पार पडली, सत्कार झाले, छायाचित्रे निघाली. किती रक्कम जमली आणि किती पोहोचली, याचा कागद मात्र विचारणा करूनही कोणाला पाहायला मिळाला नाही. पैशांची अफरातफर झाली असे मी म्हणत नाही आणि तसा माझा समजही नाही. हिशेब ठेवण्याची कोणाला गरज वाटली नाही, एवढेच माझे म्हणणे आहे, आणि हजार विड्यांमागे मजुरी मोजून घेणाऱ्या माणसाकडून पैसे घेताना एवढेही पुरेसे गंभीर आहे.

खर्चाचे गणित आपण एकदा कागदावर मांडून पाहू. समजा, 50 सायकलस्वारांनी प्रत्येकी 10,000 रुपये, म्हणजे एकूण 5 लाख रुपये जमवले. प्रत्येकी 800 रुपयांची जर्सी धरली तर 40,000 रुपये झाले. दोन दिवसांचे जेवण, चहापाणी आणि मुक्काम यांचे माणशी 1,600 धरले तर 80,000 झाले. सोबतच्या गाड्या, इंधन आणि पंक्चर-दुरुस्तीचे सामान यांवर 30,000 गेले. मंडप, ध्वनिक्षेपक, फ्लेक्स, पदके आणि स्मृतिचिन्हे यांवर 60,000 गेले. यातील एकही आकडा अवाच्या सवा नाही, तरी बेरीज 2 लाख 10 हजारांवर जाते. ही सगळी रक्कम वर्गणीतून वळती केली, तर लोकांनी दिलेल्या 100 रुपयांतले 58 रुपयेच पोहोचतात. आता याच फेरीतून जर्सी आणि मंडप वगळा. उरलेला 1 लाख 10 हजारांचा खर्च 50 जणांत वाटला तर माणशी 2,200 रुपये येतो. ज्याच्याकडे वीस-तीस हजारांची सायकल आहे, त्याला ही रक्कम जड नाही. ज्या विद्यार्थ्यांना किंवा कामगार तरुणांना ती जड असेल, त्यांच्यासाठी प्रायोजक शोधता येतो; फक्त तो पैसा फेरीच्या खर्चाचा म्हणून वेगळा घ्यावा, वेगळा लिहावा आणि प्रायोजकाचे नावही तसेच जाहीर करावे. आपल्या शहरात टॉवेल आणि चादरीचे इतके कारखाने आहेत की पदकाऐवजी प्रत्येक सायकलस्वाराला एकेक सोलापुरी टॉवेल द्यायला एखादा कारखानदार सहज तयार होईल. घामाघूम होऊन आलेल्या माणसाला पदकापेक्षा त्याचा उपयोगही जास्त आहे.

हे स्वप्नरंजन आहे असे कोणास वाटू नये. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात 1980 मध्ये 36 सायकलस्वारांनी कर्करोग संशोधनासाठी निधी जमवण्याकरिता ‘पॅन-मॅस चॅलेंज’ नावाची फेरी सुरू केली. आज तिच्यात हजारो लोक भाग घेतात आणि बोस्टनच्या डाना-फार्बर कर्करोग संस्थेला त्यातून मोठा निधी मिळतो. सायकलस्वारांनी जमवलेली शंभर टक्के रक्कम संस्थेला देण्याचा नियम तेथे 2007 पासून पाळला जातो. फेरीचा खर्च नोंदणी शुल्क आणि प्रायोजक यांतून भागवला जातो, आणि सायकलस्वाराने कबूल केलेली किमान रक्कम जमली नाही तर तूट त्यानेच भरायची असते. याच्या उलट दाखलाही त्याच देशातला आहे. सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस अशी एड्सग्रस्तांच्या मदतीची फेरी 1994 मध्ये सुरू झाली. तिने लोकांना भारावून टाकले, पण आयोजनावर होणाऱ्या खर्चावरून पुढे तीव्र वाद झाला, आणि अखेर ज्या संस्थांसाठी पैसा जमवला जात होता, त्यांनीच 2002 मध्ये आपली स्वतंत्र फेरी सुरू केली. रस्त्यावरचे कष्ट दोन्हीकडे सारखेच होते. एकीकडे देणाऱ्याला आपल्या पैशाचे काय होते हे ठाऊक होते, दुसरीकडे ते विचारण्याची पाळी त्याच्यावर आली.

कायद्याचीही आठवण येथे करून देतो, कारण आपल्यातील अनेक गट नोंदणीकृत नाहीत आणि मित्रमंडळींच्या बळावर चालतात. धर्मादाय हेतूने लोकांकडून वर्गणी गोळा करायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 मधील कलम 41-क लागू होते. गणेशोत्सव मंडळे दरवर्षी याच कलमाखाली परवानगी घेतात आणि नंतर हिशेब देतात. जे गल्लीतले मंडळ करू शकते ते आपल्याला अवघड असण्याचे कारण नाही. मात्र याहून सोपा मार्ग आहे आणि माझा आग्रह त्याचाच आहे : पैसा आपल्या हाती घेऊच नये. सायकलस्वाराच्या मोबाइलवर जो क्यूआर कोड असेल तो संयोजकाच्या खासगी खात्याचा नसून ज्या संस्थेला मदत द्यायची तिच्या खात्याचा असावा, म्हणजे रक्कम थेट तिकडे जमा होईल आणि पावतीही तीच संस्था देईल. मोठ्या देणगीदारांना प्राप्तिकरात देणगीवरची सवलत हवी असते. ती संस्थेच्या पावतीवर आणि प्रमाणपत्रावरच मिळते, आणि 2,000 रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर मिळत नाही, हेही त्यांना आधीच सांगावे. रोख पैसे देणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि त्यांना टाळणे मुळीच योग्य होणार नाही. त्यांच्यासाठी संस्थेचेच क्रमांकित पावतीपुस्तक न्यावे आणि दर आठवड्याला दोघांच्या सहीने भरणा करावा. वीस रुपयांचीही पावती फाडावी.

मदत कोणाला द्यायची, हा निर्णय अर्थात प्रत्येक गटाचा आहे. तरीही माझे मत मोकळेपणाने सांगतो. आपल्या जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. ग्रामीण भागातील देशातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी, म्हणजे ठरावीक परिसरातल्या प्रत्येक कर्करुग्णाची नोंद ठेवण्याचे काम, 1987 मध्ये बार्शीलाच सुरू झाली. हे रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजारांहून अधिक निरोगी स्त्रियांचा अभ्यास केला. ज्या गावांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी, तो घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची एकच तपासणी झाली, तेथे या कर्करोगाने होणारे मृत्यू, तपासणी न झालेल्या गावांच्या तुलनेत, सुमारे निम्म्यावर आले. हे निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभर त्यांची दखल घेतली गेली. ज्या वाटांवर आपण रविवारी सायकली दामटतो, त्याच वाटांवरच्या बायाबापड्यांनी हे ज्ञान जगाला दिले, याचा मला एक सोलापूरकर म्हणून फार अभिमान वाटतो.

कर्करोगाच्या उपचारांचा मोठा भाग आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या शासकीय योजनांतून भागतो, मग वर्गणीची गरज काय, असे कोणी विचारील. गरज उपचारांभोवतीच्या खर्चाची आहे. किरणोपचार हे साधारणपणे आठवड्यातले पाच दिवस, असे कित्येक आठवडे चालतात. करमाळा किंवा सांगोला तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरून आलेल्या रुग्णाने रोज ये-जा करायची म्हटले तर प्रवासानेच तो गळून जातो, आणि मुक्काम करायचा म्हटले तर राहणे, दोघांचे जेवण आणि सोबत आलेल्या माणसाची बुडालेली मजुरी हे सारे अंगावर येते. पैसा संपला की काहीजण उपचार अर्धवट टाकून घरी जातात, आणि अर्धवट किरणोपचारांनी रोग आटोक्यात येत नाही. अशा रुग्णाच्या मुक्कामाची आणि जेवणाची सोय हे काम सायकलफेरीच्या निधीच्या आवाक्यातले आहे. कोणत्याही संस्थेशी बोलताना, सगळ्यात निकड कशाची आहे, हे आधी तिला विचारावे आणि त्याच कामासाठी पैसे मागावेत, म्हणजे देणाऱ्यालाही नेमके सांगता येते.

येथे आणखी एक विनंती आहे. रुग्णांची छायाचित्रे फ्लेक्सवर किंवा समाजमाध्यमांवर लावू नयेत, त्यांनी होकार दिला तरी लावू नयेत, कारण मदतीची गरज असलेल्या माणसाला नकार देणे जमत नाही. तसेच, पन्नास सायकलस्वारांनी घोषणा देत बाह्यरुग्ण विभागाच्या वेळेत रुग्णालयाच्या आवारात शिरू नये. धनादेशाचा मोठा पुठ्ठा धरून छायाचित्र काढणे हे फेरीचे ध्येय होऊन बसले की रुग्ण मागे राहतात.

एक प्रश्न आपल्याला दरवेळी ऐकावा लागतो आणि तो चुकीचा नाही : एवढा खटाटोप करण्यापेक्षा तेवढे पैसे सरळ देऊन का टाकत नाही? मला जे उत्तर पटले आहे ते असे. माझ्या एकट्याच्या खिशातून जाणारी रक्कम मर्यादित आहे. पण मी जेव्हा शेजाऱ्याला, कार्यालयातल्या सहकाऱ्याला, किराणा दुकानदाराला सांगतो की या कामासाठी मी दोन दिवस सायकल चालवणार आहे, तेव्हा मागण्याला एक आधार मिळतो. माझे कष्ट हे त्या विनंतीचे तारण असते. शिवाय मागताना बोलणे होते, आणि त्या बोलण्यात कोणाच्या तरी घरातले लपवून ठेवलेले दुखणे बाहेर येते. तपासणी कुठे होते, योजनेचे कार्ड कसे निघते, हे विचारले जाते. वर्गणीइतकेच हे बोलणे मोलाचे आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्या पथकासाठीही देशभर लोकवर्गणी गोळा झाली होती. ज्या शहराने असा डॉक्टर दिला, त्या शहराला दूरच्या माणसाच्या दुखण्यासाठी पदरचे देणे नवीन नाही. म्हणूनच त्या देण्याची राखण नीट व्हायला हवी.

आता प्रत्यक्ष रस्त्याविषयी, कारण पैशाची आखणी चुकली की तिचा भार रस्त्यावर सायकलस्वाराच्या जिवावर पडतो. काही फेऱ्यांमध्ये देणगी किलोमीटरमागे ठरवतात. अंतर पूर्ण झाले तरच पूर्ण रक्कम मिळते. ही प्रथा बंद करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पायात गोळे आलेला, पाणी कमी पडलेला माणूस देणगी बुडेल या धास्तीने अंधारातही सायकल रेटत राहतो, आणि आपल्या जिल्ह्यातील रस्ते हिवाळ्याच्या रात्री कसे असतात ते आपण सारे जाणतो. गळीत हंगाम सुरू असतो. उसाने गच्च भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर मागे दिवा किंवा परावर्तक नसताना चालत असतात, आणि बिघाड झाला तर तसेच रस्त्यात उभे असतात. ट्रॉलीच्या बाहेर आलेल्या उसाच्या कांड्या सायकलस्वाराच्या चेहऱ्याच्या उंचीवर येतात आणि समोरून प्रखर दिव्यांचे वाहन आले की त्या दिसतही नाहीत. सर्व वर्गणी फेरी निघण्यापूर्वी जमा व्हावी आणि ती अंतरावर अवलंबून नसावी, म्हणजे थकलेला माणूस निर्धास्तपणे सायकल टेम्पोत चढवू शकेल. देणाऱ्याने पैसे रुग्णासाठी दिलेले असतात. कोण कुठे थांबला याने त्यात फरक पडण्याचे कारण नाही.

अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी पोहोचता येईल एवढाच टप्पा ठेवावा. ब्रेव्हे प्रकारातील, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब अंतर पार करण्याच्या फेऱ्यांमध्ये 200 किलोमीटरला साडेतेरा तास आणि 300 किलोमीटरला 20 तास मिळतात, आणि रात्री पुढचा-मागचा दिवा व परावर्तक जाकीट सक्तीचे असते. तेथे आपल्यातील अनेकजण जातात आणि ती शिस्त त्यांना ठाऊक आहे. पण मदतफेरीत पहिल्यांदाच एवढे अंतर करणारे लोक असतात, म्हणून त्यांच्या गतीने वेळापत्रक बसवावे आणि पहिला कोण आला याची नोंदही ठेवू नये. माझ्या मते दोन दिवसांचा एक मार्ग सर्वांना झेपणारा आहे : पहिल्या दिवशी सोलापुरातून नान्नज, वैरागमार्गे बार्शी, आणि दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे निघून कुर्डुवाडी, पंढरपूर, मोहोळ करत परत, दुसरा टप्पा लांब वाटल्यास पंढरपूरला आणखी एक मुक्काम घ्यावा. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या परिसरात ध्वनिक्षेपक आणि शिट्ट्या पूर्ण बंद ठेवाव्यात. कडेच्या वेड्या बाभळीचे काटे टायरमध्ये शिरतातच, तेव्हा प्रत्येकाकडे दोन ट्यूब असाव्यात. खाण्यासाठी महागड्या पुड्या घेण्याची गरज नाही. कडक भाकरी, शेंगाची चटणी, केळी आणि मीठ-साखरेचे पाणी यांवर आपल्याकडची माणसे दिवसभर राबतात. तारखा डिसेंबरमधल्या किंवा जानेवारीच्या उत्तरार्धातल्या असाव्यात. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत पोलीस आणि रुग्णवाहिका गुंतलेल्या असतात, त्यांच्यावर आपला भार टाकू नये. मार्च उजाडल्यावर तर लांब फेरीचा विचारच करू नये.

या सर्वांतून मी आपल्याकडे पुढील गोष्ट मागतो आहे. यंदा ज्या गटाला मदतफेरी काढायची आहे, त्याने नोंदणी सुरू करण्याच्या दिवशीच एक पानभर निवेदन जाहीर करावे. कोणत्या संस्थेच्या कोणत्या कामासाठी पैसे मागणार, ते कोणत्या खात्यात जाणार, फेरीचा अंदाजे खर्च किती आणि तो कोण देणार, आणि हिशेब कोणत्या तारखेला जाहीर होणार, एवढे त्यात असावे. फेरी संपल्यानंतर 30 दिवसांच्या आत संस्थेचे जमा-पत्र आणि खर्चाच्या पावत्या सर्वांना पाहता येतील अशा ठेवाव्यात, आणि वर्गणी देणाऱ्यांपैकी दोघांना, सायकलस्वार नसलेल्यांना, ते तपासायला बोलवावे. पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या वस्त्यांसाठी हेच पान तेलुगूतही छापावे.

असे निवेदन जो गट काढील, त्याच्यासाठी वर्गणी मागायला मी दारोदार फिरेन आणि हिशेब लिहिण्याचे कामही आनंदाने करीन. जो काढणार नाही, त्याच्या फेरीत मी स्वखर्चाने सायकल चालवीन, पण त्याच्यासाठी कोणाकडे पैसे मागणार नाही. आपल्या गटाचा निर्णय पहिल्या बैठकीतच व्हावा, कारण एकदा वर्गणी सुरू झाली की हे ठरवायला उशीर झालेला असतो.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
सोलापूरचा एक सायकलस्वार